रान बघून पेरणी

1972च्या दुष्काळात मी सातवीत होतो. माझ्या बाकावरचा सवंगडी शाळेच्या हिशेबानं ढ. सतराच्या पाढ्यात अडकायचा आणि हातावर छड्या खायचा. "डोक्यात नुसता भुसा भरलाय," असं मास्तर म्हणायचे. पोरं हसायची. मीही हसायचो.

त्या साली वैरण संपली आणि आबांनी बैलजोडी बाजारात नेली. मी बरोबर होतो. तिथं हा गडी दलाली करणाऱ्या बापासंगं उभा. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा कळवायचा. बाप दुसऱ्या सौद्यात गुंतला, तसा ह्यानंच गिऱ्हाइकाचा हात धरला. शेकडा, दहा, पाच, त्यातनं दलाली वजा, सगळं बोटांवर. दात बघून वय सांगितलं, खूर बघून चाल सांगितली. दुष्काळातसुद्धा आमच्या जोडीला पन्नास रुपये वाढवून दिले.

वाटेत आबा म्हणाले, "पोरगं लई हुशार हाय रं."
"शाळेत ढ हाय त्यो," मी म्हणालो.
"मग शाळंला दिसत नसंल."

शाळा उघडली तरी मी मास्तरांना यातलं काही सांगितलं नाही. तो सातवीतच नापास झाला, पुन्हा शाळेत आला नाही. माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे, पण 1976 साली दहावीला गणितानं मलाही घरी बसवलं. तेव्हा त्याचं दुखणं मला कळलं.

आता माझा नातू सहावीत आहे. मराठीचा धडा वाचताना अडखळतो, पण बिघडलेला फवारणी पंप खोलून नीट जोडतो. परवा मी शाळेत गेलो. म्हटलं, "बाई, काळ्या रानात मी शाळू पेरतो, माळावर हुलगा. माळाला शाळू येत नाही म्हणून माळाला कुणी नापास करत नाही."

बाई म्हणाल्या, "आजोबा, पटतंय हो. पण वर्गात पन्नास पोरं. एकेकाचं रान कधी बघू?"

त्यांचंही खरं होतं. मी एवढंच म्हणालो, "पंप कसा खोलला ते त्याला आधी सांगू द्या, मग तेच लिहायला लावा आणि वाचायला लावा. वाचायला तर आलंच पाहिजे."

बाईंनी वहीत नाव टिपून घेतलं. सातवीत मला जे बोलायचं राहिलं होतं, ते पन्नास वर्षांनी का होईना, बोलून आलो.