एकाची हाक, सगळ्यांची हाक



मेक्सिको, मध्य अमेरिका आणि फ्लोरिडातल्या झाडांवर एक चिमुकला कीटक राहतो. नाव अंबोनिया क्रासिकॉर्निस. लांबी जेमतेम 10 मिलिमीटर. पाठीवर टोकदार शिंग, त्यामुळे फांदीवर बसला की हुबेहूब काटा दिसतो. आपल्याकडे बाभळीवर मुंग्यांच्या गराड्यात दिसणारे शिंगवाले किडे त्याच्याच कुळातले.

मादी डहाळीत अंडी घालते आणि तिथेच राखण करीत बसते. पिल्ले बाहेर आली, की त्यांना रस ओढता यावा म्हणून सालीला बारीक चिरा पाडते. पिल्ले मोठी होईपर्यंत ती त्यांना सोडत नाही.

शिकारी किडा आला, की पिल्ले अंग हलवून फांदीतून कंप पाठवतात. अमेरिकेतले संशोधक रेक्स कॉकरॉफ्ट यांनी या कंपांचा अभ्यास केला. संकटाजवळचे पिल्लू सुरुवात करते, शेजारचे त्यात भर घालते, आणि लाट साऱ्या थव्यातून पसरते. एकट्याच्या कंपाने आई सहसा हलत नाही. सगळ्यांची हाक आली, की मात्र धावते, पंख फडफडवते, शत्रूला लाथा मारते. संकट टळल्यावर ती स्वतः कंप पाठवते आणि पिल्ले शांत होतात.

देवाचे तसे नाही. तो एकट्याचेही ऐकतो; माशाच्या पोटातल्या योनाचेही त्याने ऐकले. पण हाक मारण्याचे बळच उरले नाही तर?

दादा अतिदक्षता विभागात होता तेव्हा, मुलांना प्रार्थना शिकवणारी मी, प्रभूची प्रार्थनाही पुरी करू शकत नव्हते. अर्ध्यावर कंठ दाटून यायचा. आमच्या वॉर्डातल्या मावश्या, वहिन्या रोज संध्याकाळी घरी जमल्या. मी थांबले, की त्या जपमाळ पुढे नेत. दादा घरी परतला नाही. पण त्या नऊ संध्याकाळी माझी हाक अर्ध्यावर राहिली नाही. त्या आधारावरच मी आईसमोर उभी राहू शकले.

पेत्र तुरुंगात असताना मंडळी एका घरी जमून त्याच्यासाठी प्रार्थना करीत होती, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. मंडळी असते ती यासाठीच.

तुमच्या वॉर्डात सध्या कोणाचा कंठ दाटला आहे? आज त्या दारी जा. उपदेश नको. शेजारी बसा आणि त्याची अर्धी राहिलेली प्रार्थना पुरी करा.

हे प्रभू, शेजाऱ्याची हाक पुढे नेण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.