खरा निघाला हे कधी कळलं?

खूप दिवसांनी लिहितोय. निमित्त एका जावा प्रोग्रामचं! (नातेवाईक मंडळी, पळू नका, पुढे आई येणार आहे.)

एका ओळखीच्या पतसंस्थेची बॅकअप फाइल रोज रात्री सर्व्हरवर पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. पासवर्ड चक्क कोडमध्येच! तो कोड पेनड्राइव्हवरून चौघांकडे फिरल्याचं कळलं आणि पोटात गोळाच आला. कुणाची ठेव किती, कर्ज किती, सगळं त्या फाइलीत.

म्हणून एसएसएच पब्लिक की लावायची ठरवली. पब्लिक की म्हणजे कुलूप, प्रायव्हेट की म्हणजे किल्ली. कुलूप सर्व्हरला द्यायचं, किल्ली आपल्याच मशीनवर. लॉगिन करतानाही ती पाठवायची नाही. तिने सही करून 'ती माझ्याकडे आहे' एवढंच सिद्ध करायचं.

शनिवारी वसईच्या घरी बसलो. जुनी जेएससीएच लायब्ररी घेतली, किल्लीची फाइल दिली... 'इनव्हॅलिड प्रायव्हेट की'! ओपनएसएसएच 7.8 पासून, म्हणजे 2018 पासून, किल्ल्या नव्या साच्यात बनतात. जुन्या लायब्ररीला तो वाचता येत नाही. जुन्या पेम साच्यात किल्ली बनवली. मग 'अननोन होस्ट की'. वैतागून होस्ट तपासणीला सरळ 'नो' लिहून टाकलं. मग 'ऑथ फेल'! 2021 च्या 8.8 ने एसएचए-1 वाली आरएसए सही मुळातच बंद केली होती आणि जुन्या लायब्ररीला तेवढीच येते. शेवटी तिचीच, दुसऱ्यांनी पुढे चालू ठेवलेली आवृत्ती घातली. चाललं! (ती नवा साचाही वाचते. म्हणजे आधीचा तास फुकट.)

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या काकूंची कागदपत्रांची पिशवी आईकडे ठेवलेली. दारात एक मुलगा, "मी त्यांचा भाचा, पिशवी न्यायला आलोय." आईने जाळीचं दार न उघडताच काकूंना फोन लावला, तोही आपल्या डायरीतल्या नंबरवर. खात्री झाल्यावर पिशवी दिली, वर दोन सुकेळी.

"खराच होता की गं, उगाच ताटकळत ठेवलंस."

"खरा निघाला हे विचारल्यावरच कळलं ना?"

मी गप्प. माझी किल्ली कितीही जपली तरी पलीकडचा सर्व्हर तोतया निघाला, तर सगळ्या सभासदांची पिशवी मी स्वतःच त्याच्या हातात देणार होतो!

सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन केला, होस्ट कीचा फिंगरप्रिंट वाचून घेतला, ताडून पाहिला, ती की नोन होस्ट्समध्ये घातली आणि त्या 'नो'चं 'येस' केलं. जुना पासवर्डही बदलून घेतला.

आईला यातलं काही सांगितलं नाही. उरलेली सुकेळी मात्र निमूट खाल्ली.