बेअरिंग निर्दोष होतं

वडखळ नाक्यावर अवजड ट्रक थांबला की माझ्या घराच्या काचा थरथरतात. इंजिन बंद झालं की थांबतात. थरथर आहे म्हणजे कोणीतरी हलवणारा आहे, ही समजूत घेऊनच मी मिलमध्ये गेलो आणि तिथे ती मला महागात पडली.

मिल जिल्ह्यातलीच. नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. गरम लाटलेली पोलादी पट्टी आम्ही एकामागोमाग एक स्टँडमधून, म्हणजे रोलांच्या चौकटींतून, थंड लाटून कागदासारखी पातळ करत असू. वेग वाढवला की अचानक घुमल्यासारखा आवाज येई, पट्टीवर आडवे पट्टे उमटत, कधी पट्टीच तुटे. हा चॅटर. साधारण 128 ते 256 हर्ट्झ हे संगीतातलं एक सप्तक. आमचा आवाज त्यातलाच.

मी कॉम्प्युटरवर मॉडेल बसवलं. रोल म्हणजे वजनं, स्टँड म्हणजे स्प्रिंगा. दोन स्टँडमधलं पट्टीचं टेन्शन मात्र स्थिर धरलं, कारण गणित सोपं होत होतं. असं मॉडेल आपणहून कधीच थरथरत नाही. मग त्याला हलवणारा बाहेरून आणावा लागला. मोजलेले 150 हर्ट्झ एका बेअरिंगच्या कंपाच्या आकड्याशी जुळले आणि मला आरोपी सापडला.

जुने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो-उतरतो. हा एकाच सुरात ओरडतो." मी मान डोलावली आणि मिल थांबवून बेअरिंग बदलायला लावलं. काढलेलं बेअरिंग पुसून पाहिलं, तर एक ओरखडा नव्हता. तरी रिपोर्टात मी 'झीज' लिहिलं. त्याच रात्री चॅटर परत आला.

मग मी स्केल घेऊन कॉइलपाशी बसलो. मिनिटाला 900 मीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर वेगाने गेलेल्या पट्टीवर दोन पट्ट्यांत 100 मिलिमीटर अंतर होतं. वेग 720 वर उतरताना उमटलेले पट्टे फिकट होते आणि अंतर 80. दोन्ही हिशेबांचं उत्तर 150 हर्ट्झ. बेअरिंग दोषी असतं, तर कंप वेगाबरोबर 120 वर उतरला असता आणि अंतर 100 च राहिलं असतं. एवढं मोजायला अर्धा तास लागला. मी आधी एकाच वेगाला मोजलं होतं.

पेटीचा भाता जोरात मारला, तरी सूर तोच राहतो. वारा सरळच वाहतो, थरथर पत्तीची स्वतःची असते. मिलचंही तसंच होतं. रोलमधली फट किंचित आवळली की पट्टी आत कमी वेगाने जाते आणि मागचं टेन्शन उतरू लागतं, पण ते मागाहून. टेन्शन सर्वांत कमी होतं तेव्हा रोल पुन्हा उघडायला निघालेले असतात. नेमकं तेव्हाच लाटण्याचं बळ वाढतं आणि त्यांना आणखी ढकलतं. दर फेरीला थोडी भर पडते. मी स्थिर धरलेलं टेन्शनच हे काम करत होतं. ट्लुस्टी आणि सहकाऱ्यांनी थंड लाटणीतल्या चॅटरवरचा निबंध 1982 मध्येच छापला होता. मी तो बेअरिंग बदलल्यावर वाचला.

एवढ्यावर शहाणा झालो असतो, तर बरं होतं. नव्या मॉडेलमध्ये टेन्शन आलं, पण धोक्याचा वेग जुळेना. मी घर्षणाचा आकडा जुळेपर्यंत फिरवला आणि 'मॉडेल सिद्ध' म्हणून सादर केलं. पुढच्या महिन्यात आणखी पातळ पट्टी लागली, रोलवर घर्षणासाठी सोडायच्या तेलपाण्याच्या इमल्शनचं प्रमाणही बदललं, आणि माझ्या 'सुरक्षित' वेगालाच मिल घुमली. मशीन बंद करायला ऑपरेटरांचा हात माझ्या स्क्रीनच्या आधी गेला होता.

आता नवीन मुलांना मी आधी स्केल देतो आणि दोन वेगांना मोजायला लावतो. त्या बेअरिंगच्या खर्चाचा कागद फाइलमध्ये अजून आहे. कारणाच्या रकान्यात 'झीज' आहे. अक्षर माझंच.