हाताच्या मापाचं पिस्तूल

अमेरिकेच्या कायद्यापुरतं बोलायचं तर माझं पिस्तूल म्हणजे तळहातावर मावणारा एक पोलादी सांगाडा. त्यात ट्रिगर आहे, काही स्प्रिंगा आहेत आणि बाजूला कोरलेला नंबर आहे. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, आपली पार्श्वभूमी तपासून घ्यायची, ती या नंबराच्या तुकड्यासाठी. ग्रिप, स्लाइड, बॅरल हे सुटे भाग. ते कपड्यांसारखे पार्सलनं घरी येतात. सिग सॉअरची पी-३२० आणि पी-३६५, स्प्रिंगफील्डची एशेलॉन, रुगरची आरएक्सएम ही पिस्तुलं मॉड्यूलर म्हणवतात ती याचमुळे. सांगाडा एका ग्रिपमधून काढून दुसऱ्या ग्रिपमध्ये बसवला, तरी सरकारदरबारी पिस्तूल तेच राहतं. हातात मात्र वेगळं लागतं.

मी ह्यूस्टनमध्ये एका छोट्या फार्मसीची भागीदार आहे. रात्री दुकान बंद करायचं काम बहुतेक माझ्याकडे. वेदनाशामक गोळ्यांसाठी औषधांची दुकानं लुटली जातात, हे इथल्या धंद्यातलं जुनं दुखणं. आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानात तसं घडलं आणि मी नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. तरी मी परवाना काढला. इतर अनेक राज्यांत तो चालतो, आणि त्याची नेमबाजीची परीक्षा द्यावी असं मनात होतं. पन्नास गोळ्या: वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. पुढे प्रत्येक पिस्तूल मी याच परीक्षेवर तपासलं.

माझे हात लहान आहेत. मला दोन-दोनची बांगडी होते. रेंजवरचं पहिलं पिस्तूल होतं मधल्या मापाच्या ग्रिपचं, पूर्ण आकाराचं पी-३२०. धरल्यावर ट्रिगरवर माझ्या बोटाचं जेमतेम टोक पोचत होतं. टोकानं ओढलं की जोर सरळ मागे न जाता बाजूला जातो आणि गोळ्या लक्ष्यावरच्या आकृतीच्या डाव्या खांद्याकडे सरकतात. शिकवणाऱ्या बाईंनी सरावाचा उपदेश केला नाही. त्यांनी कपाटातून लहान मापाची ग्रिप काढली, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, मिनिटा-दोन मिनिटांत सांगाडा तिच्यात बसवला आणि म्हणाल्या, आता बघा. ट्रिगर तोच, बॅरल तेच, गोळ्या त्याच डब्यातल्या. बदलला होता फक्त हातातला घेर. गोळ्या मधोमध आल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून फरक बघायचा, ही आम्हा औषधवाल्यांची सवय. इतकी स्वच्छ चाचणी मला फार दिवसांत दिसली नव्हती.

हा सगळा प्रकार लष्करामुळे लोकांच्या डोळ्यांत भरला. अमेरिकी सैन्याकडे १९८५ पासून बेरेटाचं एम-९ होतं, जाडजूड ग्रिपचं. नवं पिस्तूल निवडताना ते लहान-मोठ्या सगळ्या हातांना जुळवता आलं पाहिजे, अशी अट होती. सैन्यात बायका वाढल्या होत्या हेही त्यामागे होतं. जानेवारी २०१७ मध्ये कंत्राट पी-३२० ला मिळालं, ५८ कोटी डॉलरपर्यंतचं. खरं तर हाताप्रमाणे मूठ ही कल्पना नेमबाजीत नवी नाही. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. त्या खेळातल्या पिस्तुलांची लाकडी मूठ खेळाडूच्या पंजाबरहुकूम घासूनपुसून जुळवलेली असते. पण ते पिस्तूल कुणी कुर्त्याखाली लपवत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे.

जे हातात चांगलं चालतं ते अंगावर लपत नाही. पी-३२० चा पूर्ण आकार रिकामाच आठशे ग्रॅमच्या वर भरतो, बॅरल ४.७ इंच. त्या वजनामुळे गोळी सुटल्यावर तोंड फारसं उचलत नाही, दुसरा नेम लगेच लागतो. २०१८ साली आलेलं पी-३६५ रिकामं पाचशे ग्रॅमच्या आसपास, बॅरल ३.१ इंच, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. गोळी दोघांची तीच, ९ एमएम. धक्का तेवढाच आणि तो पेलायला वस्तुमान कमी, त्यामुळे छोटं पिस्तूल हातात उसळतं. तीन यार्डांवर माझ्या गुणांत काहीच फरक नव्हता. सात यार्डांवर छोट्यानं वेळ जास्त घेतला. पंधरा यार्डांवर त्यानं सरळ गुण खाल्ले. माझ्यासारख्या लहान हाताच्या बाईचीही करंगळी त्या आखूड ग्रिपखाली लोंबकळत होती. मोठ्या पंजाच्या पुरुषांचं काय होत असेल!

एशेलॉन २०२३ मध्ये आलं. ते क्रोएशियातल्या कार्लोव्हात्सच्या कारखान्यात बनतं. ट्रिगर मला सगळ्यांत आवडला तो त्याचा, आणि लाल ठिपक्यानं नेम दाखवणारा रेड डॉट बसवायला मधली पट्टी लागत नाही ही सोयही झकास. फक्त रेंजवर न्यायचं असतं तर मी तेच घेतलं असतं. आरएक्सएमबद्दल थोडक्यात: ग्रिप मॅगपुलची, मॅगझिन ग्लॉक १९ ची चालतात, किंमत बेताची. व्यवहारी माणसाचं पिस्तूल. माझ्या हाताला जाड वाटलं, एवढंच.

कमरेला लावल्यावर मात्र एक उलटी गोष्ट कळली. लपवायला अवघड असते ती ग्रिप, बॅरल नव्हे. बॅरल पँटच्या आत उतरतं, ते कुणाला दिसत नाही. ग्रिप पट्ट्याच्या वर राहते आणि वाकलं की कुर्त्यावर तिचा कोपरा उमटतो. उलट लांब स्लाइड पट्ट्याखाली गेल्यानं वरची ग्रिप अंगाकडे दाबली जाते. मग लष्करानं घेतलेला पी-३२० चा एम-१८ हा प्रकार बघा: आखूड स्लाइड, पूर्ण लांबीची ग्रिप. बाजारात या जुळणीला ‘कॅरी’ म्हणतात. उघड्या होल्स्टरमध्ये लावणाऱ्या शिपायाला ती छानच, पण कुर्त्याखाली लपवणाऱ्या बाईला नेमकी उलटी जुळणी हवी. मॉड्यूलरच्या जाहिराती हा फरक सांगत नाहीत. त्या फक्त जुळण्या मोजून दाखवतात.

पी-३२० बद्दल आणखी एक सांगायला हवं. विशिष्ट कोनात पडलं तर ते उडू शकतं असं दिसल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीनं आतले भाग मोफत बदलून द्यायची योजना जाहीर केली. त्यानंतरही ट्रिगर न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या आहेत, काही पोलीस खात्यांनी ते वापरणं थांबवलं आहे, आणि कंपनी दोष नाकारत आली आहे. निवाडा करणारी मी कोण? पण पोटाशी लावायची वस्तू निवडताना मला शंकेचा फायदा कंपनीला द्यायचा नव्हता. रेंजवर मी ते आनंदानं चालवते.

शेवटी माझ्याकडे राहिलं पी-३६५. मग त्याच्या जोडण्या सुरू झाल्या: आखूड ग्रिपवर लांब स्लाइड, लांब ग्रिपवर आखूड स्लाइड, दोन्ही आखूड, दोन्ही लांब. घरात सुट्या भागांचा डबा तयार झाला. सांगलीहून आलेल्या आईनं तिजोरी उघडी असताना तो पाहिला आणि म्हणाली, “अगं, इतके भाग काढून ठेवलेस, वेळेला जोडशील कधी?” तिला पिस्तूल घरात असणंच पसंत नाही, आणि त्यावर आमचं एकमत व्हायचं नाही. प्रश्न मात्र रास्त होता. प्रत्येक जोडणीला नेम पुन्हा तपासावा लागतो, होल्स्टर नीट बसतं का बघावं लागतं, दुकानात न्यायच्या गोळ्या न अडकता चालतात का याची खात्री करावी लागते. मध्यरात्रीच्या पार्किंगमध्ये हाताला सवय एकाच पिस्तुलाची असली पाहिजे.

माझी जोडणी ठरली ती अशी: बारा गोळ्यांची ग्रिप, तिच्यावर करंगळी पूर्ण बसते, ३.७ इंचांचं बॅरल, म्हणजे नेमाच्या दोन खुणांमधलं अंतर वाढतं आणि तोंडाकडे थोडं वजन येतं. पंधरा यार्डांवर गेलेले बरेच गुण परत आले. कुर्त्यावर उमटतं, पण सैल कापड घेतलं की भागतं. गंमत म्हणजे नेमकी हीच जुळणी कंपनी पी-३६५ एक्सएल नावानं तयार विकते. म्हणून माझं मत असं झालं की मॉड्यूलर पिस्तुलाचा खरा उपयोग एकदाच असतो, आपल्या हाताचं माप सापडेपर्यंत. ते सापडलं की स्क्रूड्रायव्हर ठेवून द्यावा. रोज कपड्यांप्रमाणे पिस्तूल बदलणारी माणसं मला रेंजवर भेटतात, आणि त्यांचे नेमाचे कागद बघून माझं मत काही बदललेलं नाही.

इकडे नव्यानं आलेल्यांसाठी एक सूचना. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असताना शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्यानं पिस्तूल बाळगता येत नाही. रेंजवर भाड्यानं घेणंही त्यातच येतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर आधी भाड्यानं घेऊन चालवा, लहान ग्रिप आहे का ते काउंटरवर विचारा, आणि घरात मुलं असतील तर पिस्तुलाच्या आधी तिजोरी विकत घ्या.