आधी मागणी, मग कणीक

सूर्या नदीकाठचे मासवण पालघर-मनोर रस्त्यावर आहे. येथून उपसलेले पाणी वसई-विरारच्या घराघरांत पोहोचते. येथल्या एका स्वयंपाकघरातला खाकरा मात्र शेजारच्या चार घरांपलीकडे कधी गेला नव्हता. दुकानामागच्या घरात दोन मुलांचे संगोपन करणाऱ्या श्राविकेने तो विकण्याचे मनावर घेतले, तेव्हा सासूबाईंची शंका रास्तच होती : "गावात आपली घरे किती, आणि त्यांत विकतचा खाकरा खाणारी किती?"

उत्तर मोबाइलने दिले. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे गुजरात-राजस्थानातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे, मुंबईच्या उपनगरांतील नातलग, त्या नातलगांचे शेजारी, अशी मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागली. पालघरहून लोकलने रोज जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर डबे रवाना होऊ लागले.

गिऱ्हाईक वाढले ही गोष्ट मोठी खरीच. परंतु व्यवहाराचा क्रम उलटला, ही त्याहून मोठी. दुकानदार आधी माल भरतो आणि मग गिऱ्हाईकाची वाट पाहतो. येथे आधी मागणी येते, मग कणीक भिजते. श्वेतांबर परंपरेत अशा कोरड्या पदार्थांची काळमर्यादा हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानली जाते. पाकिटावर छापलेली काही महिन्यांची मुदत ही मर्यादा पाळणाऱ्या घराच्या काय कामाची? त्याला खाकरा कोणत्या दिवशी भाजला हे कळावे लागते, आणि ते येथे विचारता येते. शिळे उरत नाही, टाकावे लागत नाही.

अडचण येते ती पावसाळ्यात. पर्युषणात हिरव्या भाज्या वर्ज्य असल्यामुळे खाकऱ्याची मागणी नेमकी त्याच सुमारास सर्वाधिक असते. काळमर्यादा तेव्हाच सर्वांत आखूड, हवा दमट आणि वीज बेभरवशाची. चातुर्मासात मेथीचा खाकरा बंद; जिऱ्याचा आणि साधा तेवढा राहतो. मंद आचेवर, लाकडी दट्ट्याने दाबत, एकेक खाकरा कडक होईपर्यंत भाजायचा, या कामाला मोबाइल घाई करू शकत नाही.

हा पेच जुनाच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा सोबतिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग आरंभला. तोच पुढे 'लिज्जत' झाला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. वर पापड, खाली स्टोव्ह. त्यांच्याजवळ इंटरनेट नव्हते, पण एकमेकींची सोबत होती. मोबाइलवर एकटीने धंदा सांभाळणाऱ्या आजच्या गृहिणीजवळ नेमकी तीच नसते, आणि तिचे कौतुक करणारे हे सहसा विसरतात.

अन्नसुरक्षेची नोंदणी घरबसल्या झाली. चौदा अंकी क्रमांक पाकिटावर आला. खरा गुंता पैशाचा होता. यूपीआय यजमानांच्या क्रमांकावर, त्यामुळे खाकऱ्याचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात मिसळत. "घरात पैसा एकच, वेगळा कशाला?" असे यजमान म्हणत, आणि त्यात कपट नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या नावाचे खाते उघडले आणि महिनाभर पीठ, तेल, गॅस, पाकिटे, डबा पोहोचविण्याचा खर्च वहीत मांडला. साधा खाकरा तोट्यात जात होता. गल्ल्यात मिसळलेल्या पैशाने हे कधीच सांगितले नसते. वही पाहून यजमानांनीच नवा भाव सुचविला, तोही त्यांना वाटत होता त्यापेक्षा दोन रुपयांनी अधिक.

मग प्रश्न उरला वेळेचा. मोबाइल रात्री अकरालाही वाजतो. ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, तेथे उद्या पहाटेच्या मागणीसाठी रात्री कणीक मळण्याची पाळी येऊ लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. केवळ एकदा स्वयंपाकघराचा दिवा मालवून गेल्या. दुसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये आपोआप जाणारा निरोप बसविला गेला : 'सूर्यास्तानंतर मागणी स्वीकारली जात नाही. जय जिनेंद्र.' काही गिऱ्हाईके रुसली, दोन तुटली. एका वृद्ध श्रावकांनी मात्र प्रत्युत्तरात लिहिले की, आता खाकरा कुठून घ्यायचा हे ठरले.

पर्युषणापूर्वीच्या पंधरवड्यात त्या घरी आता दोन तवे चालतात. दुसऱ्या तव्यावर गल्लीतल्याच एक वहिनी दुपारी, मुले शाळेत असताना येऊन बसतात. मजुरी नगावर ठरली आहे, आणि ती त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होते. पहिल्या दिवशी तेवढी एकच अट घातली गेली होती.