डेलरे बीच : रोजच ‘ड्राय डे’ असलेली घरं

फ्लोरिडातल्या या देखण्या गावात भाडं घराचं नाही, कॉटचं मिळतं. हा धंदा नीट केला तर माणसं सावरतात. फक्त गल्ल्यावर नजर ठेवून केला तर माणसं जातात.

फ्लोरिडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी मायामी येतं. चकचकीत टॉवर्स, नाइट क्लब, लाल-पिवळ्या गाड्या. पण मायामीहून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला साधारण ८० किलोमीटर गेलात, की डेलरे बीच नावाचं गाव लागतं. लोकसंख्या जेमतेम ६७ हजार. आपल्याकडे तालुक्याचं गाव याहून मोठं असतं. गाव मात्र एकदम टापटीप. ‘व्हिलेज बाय द सी’ असं ते स्वतःला म्हणवून घेतं आणि ते शोभतंही.

गावाचा मुख्य रस्ता अटलांटिक अ‍ॅव्हेन्यू. सरळ चालत राहिलात की वाटेत १९२६ सालचं पिवळंधम्मक कॉलनी हॉटेल लागतं. पुढे खाडीवजा कालव्यावरचा, बोट आली की वर उचलला जाणारा पूल येतो आणि मग थेट अटलांटिक महासागर. संध्याकाळी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. फुटपाथवर टेबलं, टेबलांवर वाइनचे ग्लास, कोपऱ्यावर गिटारवाला. फुल टू माहौल!

आणि याच रस्त्यापासून थोडं आत वळलं, की अशीही घरं आहेत जिथे बिअर सोडाच, अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा बाथरूममध्ये ठेवू देत नाहीत. ही ‘सोबर होम्स’. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसांनी एकत्र राहायची घरं. अमेरिकेत अशा घरांसाठी जी गावं गाजली, त्यात डेलरे बीचचं नाव फार वरचं आहे. चांगल्या अर्थानेही आणि वाईट अर्थानेही.

पाटी नसलेली घरं

सोबर होम शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण बाहेर पाटी नसते. बैठं घर, पुढे लॉन, एखादं पामचं झाड. शेजारच्या घरासारखंच घर. फरक बारीक असतो. दारात जरा जास्तच सायकली, मागच्या अंगणात बाकडं आणि त्यावर सिगारेटच्या थोटकांनी भरलेला डबा. दारू सुटते, ड्रग्ज सुटतात, सिगारेट मात्र बऱ्याच जणांची राहते.

आत कसं असतं? पुण्यात शिकायला किंवा नोकरीला येऊन जे ‘कॉट बेसिस’वर राहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. एका खोलीत दोन पलंग, दोन कपाटं, सामाईक किचन आणि फ्रिजमध्ये प्रत्येकाचा वेगळा कप्पा. फक्त आपल्याकडच्या घरमालकीण काकूंच्या नियमांपेक्षा इथले नियम कडक. रात्री ठरलेल्या वेळेला घरात. घरकामाच्या पाळ्या. आठवड्याला ठरावीक मीटिंग्ज. नोकरी करायची किंवा शोधायची. आणि कधीही, न सांगता, लघवीची तपासणी.

हे हॉस्पिटल नव्हे. इथे डॉक्टर नसतो, गोळ्या-इंजेक्शनं देत नाहीत. उपचार दुसरीकडे होतात, इथे फक्त राहायचं. पण त्या ‘फक्त’मध्येच सगळं आलं. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं ‘मुक्तांगण’ आठवतं. अशा केंद्रातून माणूस बरा होऊन निघतो तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. तोच कट्टा, तीच टपरी, तेच मित्र. आपल्याकडे निदान घरी आई किंवा बायको वाट बघत असते. अमेरिकेत पंचविशीतल्या पोराला बऱ्याचदा परत जायला घरच नसतं. मग केंद्र आणि स्वतःचं घर यांच्या मधली पायरी म्हणून हे घर.

डेलरेच का? कारण सरळ आहे. इथे अनेक वर्षांपासून उपचार केंद्रं आहेत. दिवसाच्या जवळपास कोणत्याही वेळेला कुठे ना कुठे मीटिंग मिळते, हवा बारा महिने उबदार आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायोतला जुना ड्रग डीलर शेकडो मैल लांब.

कॉटचा हिशेब

आता मुद्द्यावर येऊ. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्या मित्रांशी बोलताना सध्या ‘पॅसिव्ह इन्कम’ हा शब्द हमखास येतो. एक घर राहायला, दुसरं भाड्याने द्यायला. तिथे कुणीतरी हळूच सांगतं, ‘फॅमिलीला देऊ नकोस, सोबर होम कर. दुप्पट सुटतात.’

बघू या सुटतात का. समजा, पाच बेडरूमचं घर आहे आणि एखादं कुटुंब त्याचे महिन्याला ४,५०० डॉलर देतं. तेच घर कॉट बेसिसवर दिलं. दहा कॉट, दर कॉटला आठवड्याचे २५० डॉलर. महिन्याचे होतात सुमारे १०,८०० डॉलर. वा! पण थांबा. दहाही कॉट कायम भरलेल्या नसतात. दोन रिकाम्या धरा. एका कॉटवर हाउस मॅनेजर राहतो, तो बहुतेक वेळा बिनभाड्याचा. उरल्या सात. म्हणजे सुमारे ७,६०० डॉलर. कुटुंबापेक्षा तीन हजार जास्त. आता यातून वीजबिल, चोवीस तास चालणारा एसी, पाणी, इंटरनेट, गाद्या, तपासणीचे किट आणि दहा माणसं वापरतात त्या कमोडचा प्लंबर वजा करा. इन्शुरन्स कंपनी अशा घराचा हप्ता वेगळा लावते, तो वेगळाच.

थोडं सुटतंच. पण हे पॅसिव्ह अजिबात नाही. हा रात्रंदिवसाचा धंदा आहे.

म्हणून काही मालक मधला मार्ग काढतात. घर एकाच करारावर चालवणाऱ्या संस्थेला देतात आणि ठरलेलं भाडं घेतात. पैसे कमी, झोप जास्त. या प्रकारातलं एक जुनं आणि साधं मॉडेल म्हणजे ‘ऑक्सफर्ड हाउस’. १९७५ साली मेरीलंडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग गावात एक सरकारी मदतीवरचं घर बंद पडत होतं. तिथे राहणाऱ्या पॉल मोलॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी ते स्वतःच भाड्याने घेतलं. मॅनेजर नाही, मालकाचा माणूस नाही. अध्यक्ष, खजिनदार आपल्यातूनच निवडायचे, नवा माणूस घ्यायचा तर ८० टक्के मतं हवीत, भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं आणि जो पुन्हा प्यायला त्याने बाहेर पडायचं. आज अशी तीन हजारांहून जास्त घरं आहेत. घरमालकाच्या दृष्टीने ते फक्त एक भाडेकरू.

आणि उपयोग होतो का? शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लिओनार्ड जेसन यांच्या गटाने उपचार संपवून निघालेल्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्मे ऑक्सफर्ड हाउसमध्ये, निम्मे नेहमीच्या वाटेने. २००६ साली निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनंतर ऑक्सफर्ड हाउसवाल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा नशा करत होते आणि दुसऱ्या गटातले सुमारे ६५ टक्के. चार भिंती आणि सात-आठ सोबती, एवढ्याने निम्मा फरक!

शेजारी नको म्हणतात तेव्हा

साहजिकच, शेजाऱ्यांना हे घर नको असतं. आपल्या सोसायटीत बॅचलर्सना फ्लॅट द्यायचा म्हटला तरी जनरल बॉडीत किती आवाज होतो, आठवा. तिथेही तसंच. पण तिथे कायदा आडवा येतो. १९८८ च्या फेअर हाउसिंग दुरुस्तीने अपंगत्वावरून घर नाकारायला बंदी केली आणि व्यसनातून सावरणारा माणूस या संरक्षणात बसतो. सध्या बेकायदा ड्रग घेणारा मात्र बसत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने ‘नातं नसलेली पाचपेक्षा जास्त माणसं म्हणजे कुटुंब नव्हे’ या नियमावर बोट ठेवून एका ऑक्सफर्ड हाउसला हरकत घेतली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९५ साली सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्टाने सांगितलं, की असा नियम पुढे करून शहराला फेअर हाउसिंग कायद्यातून सुटता येणार नाही.

हे संरक्षण रास्तच होतं. पण त्याच आडोशाला दुसरी मंडळीही येऊन उभी राहिली.

फ्लोरिडा शफल

२००८ च्या कायद्याने मानसिक आजार आणि व्यसनाच्या उपचारांना इन्शुरन्समध्ये इतर आजारांच्या बरोबरीने वागवायला सांगितलं. २०१० च्या आरोग्य कायद्याने २६ वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांच्या पॉलिसीवर राहू दिलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण त्यामुळे पंचविशीतलं व्यसनी पोरगं म्हणजे चालतीबोलती पॉलिसी झालं.

इन्शुरन्स घरभाडं देत नाही, उपचारांचे आणि तपासण्यांचे पैसे देतो. मग फण्डा असा निघाला. सोबर होमवाला म्हणायचा, ‘भाडं नको, फुकट राहा. फक्त मी सांगतो त्याच केंद्रात जा.’ केंद्र दर डोई त्याला कमिशन द्यायचं. केंद्र आणि लॅब आठवड्यातून अनेकदा लघवी तपासून हजारो डॉलरची बिलं लावायचे. आणि मुलगा पुन्हा नशेत गेला तर? उत्तमच! पुन्हा डिटॉक्स, पुन्हा केंद्र, पुन्हा तेच घर, मीटर पहिल्यापासून सुरू. या चक्राला तिकडे ‘फ्लोरिडा शफल’ म्हणतात. पत्ते पिसावेत तशी माणसं पिसायची.

नेमका तेव्हाच बाजारात फेंटॅनिल आलं. काही आठवडे नशा बंद असलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुना डोस आता जीव घेतो. त्यामुळे प्रत्येक ‘पुन्हा’ हा रशियन रूलेटचा डाव झाला.

पाम बीच काउंटीचे त्या वेळचे सरकारी वकील डेव्ह अ‍ॅरनबर्ग यांनी २०१६ साली यासाठी खास टास्क फोर्स नेमला. पुढच्या काही वर्षांत शंभराहून जास्त जणांना अटक झाली. केनेथ चॅटमन हा या साखळीतला सर्वांत कुप्रसिद्ध माणूस. इन्शुरन्सची फसवणूक, काळा पैसा आणि घरात राहणाऱ्या मुलींना देहविक्रयाला लावणं असे गुन्हे त्याने कबूल केले. २०१७ साली त्याला साडेसत्तावीस वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०१६ पासून फ्लोरिडातली परवानाधारक केंद्रं पेशंटला फक्त प्रमाणपत्र असलेल्या सोबर होममध्येच पाठवू शकतात. २०१८ साली अशा कमिशनविरुद्ध केंद्रीय कायदाही आला.

रोग तिथे संपला असं मात्र नाही. २०२३ साली अ‍ॅरिझोनात हाच खेळ मूळ अमेरिकन जमातींच्या लोकांशी खेळला गेल्याचं उघड झालं आणि त्यात अब्जावधी डॉलरचा सरकारी पैसा गेला.

रात्रीचे अकरा

सोबर होमची खरी किंमत एका प्रश्नात कळते. रात्री अकरा वाजता एखादा मुलगा नशेत दारात आला, तर काय करायचं? घरात घ्यावा, तर बाकी नऊ जणांची सुटलेली तल्लफ जागी होते. बॅग बाहेर ठेवून दार लावावं, तर सकाळी तो जिवंत असेलच असं नाही.

चांगल्या घराकडे याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं. कोणाला फोन करायचा, डिटॉक्सला कोण सोडणार, घरच्यांपैकी कोणाला कळवायचं. भिंतीवर नॅलोक्सोनचा स्प्रे असतो आणि तो कसा मारायचा हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. व्यसनावर डॉक्टरांनी दिलेलं ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध घेणाऱ्याला असं घर ‘तू अजून नशेतच आहेस’ म्हणून हाकलत नाही. वाईट घराकडे फक्त दराचं पत्रक असतं.

तेव्हा गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या मित्राला हा एकच प्रश्न विचारा. उत्तर ‘ते मॅनेजर बघेल’ असं आलं, तर घर सरळ कुटुंबाला द्या. उत्तर नीट आलं आणि तीन हजारांतले बरेचसे घरातच परत घालायची तयारी असली, तर मात्र जरूर करा. अशी घरं हवीच आहेत.

जाणार असाल तर

कसं जाल : वेस्ट पाम बीच किंवा फोर्ट लॉडरडेल विमानतळ. डेलरेला ट्राय-रेलचं स्टेशन आहे.

कधी : डिसेंबर ते एप्रिल झकास. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम.

काय बघाल : अटलांटिक अ‍ॅव्हेन्यू, समुद्र आणि मोरिकामी म्युझियमची जपानी बाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे अननस पिकवायला आलेल्या जपानी शेतकऱ्यांची ती आठवण. सोमवारी बंद.

काय टाळाल : सोबर होम दिसलं म्हणून फोटो काढू नका. आत राहणारा माणूस कदाचित आज ऑफिसात नव्या नोकरीचा पहिला दिवस भरून आला असेल.