पिवळे फडके

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झाला आणि आवारातली वाहने महिन्याभरात हलवावीत, अशी सूचना फलकावर लागली. तेव्हा आम्हां बहीणभावांना बाबांच्या गाडीची आठवण झाली, असे म्हणणे लबाडीचे होईल. गाडी डोळ्यांसमोरच होती. बाबा २०२१ मध्ये गेले. तेव्हापासून ती कुंपणालगतच्या बदामाखाली उभी होती आणि येताजाता आम्ही तिच्याकडे पाहायचे टाळत होतो, इतकेच. १९९९ सालची, गडद निळी मारुती झेन. पंधरा वर्षांची पहिली नोंदणी २०१४ मध्ये संपली, मग पाच वर्षे, मग आणखी पाच. तीही २०२४ मध्ये सरली. भंगारात काढावी, असे आमच्यातल्या धाकट्याचे मत. ठेवावी, असे थोरलीचे. आई दोघांचेही ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "द्यायची तर द्या. पण अशी घाणेरडी देऊ नका."

म्हणजे आधी गाडी स्वच्छ करणे आले. हे काम वाटते तितके निरुपद्रवी नाही, हे आम्हांला पुढे कळायचे होते.

आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो ते १९८८ साली. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ची, महानगरपालिका २००२ची. माणसे मात्र नळाच्या पाण्याची वाट न पाहता आधीच येऊन राहिली होती. इमारती उठत होत्या, रस्ते व्हायचे होते, आणि पाणी टँकरने येत असे. अशा गावात गाडी धुणे ही चैन होती. बाबांनी स्वतःपुरता नियम घालून घेतला होता : रविवारी एक बादली, त्याहून एक तांब्याही जास्त नाही, इतर सहा दिवस कोरडे पिवळे फडके. सकाळी लोकल गाठण्यापूर्वी ते खाली उतरत आणि वीस मिनिटे गाडी पुसत. भाईंदरच्या मिठागरांवरून, खाडीवरून येणारा खारा वारा, भोवतीच्या बांधकामांची वाळू आणि सिमेंट, हे सगळे रात्रभर त्या निळ्या रंगावर बसलेले असे. त्यावरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे बारीक पॉलिश-पेपर फिरवणेच होते. पण हे ना त्यांना ठाऊक होते, ना आम्हांला.

काशीमीऱ्याच्या बाजूला गाड्या चमकवून देणारा एक तरुण कारागीर आम्हांला भेटला. त्याने काम घेतले आणि आम्हांला हाताखाली राबूही दिले. पहिला दिवस धुण्यातच गेला. दोन बादल्या घ्यायच्या; एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात बुडवायचा, म्हणजे निघालेली वाळू परत गाडीवर जात नाही. एकूण युक्ती एवढीच. एका जास्तीच्या बादलीची. नंतर त्याने मऊ मातीची वडी काढली, पृष्ठभाग ओला ठेवून ती अलगद फिरवली. झाडाचा चीक, सिमेंटचे शिंतोडे, ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण तिला चिकटून आले. बॉनेटला हात लावला तर काचेसारखे गुळगुळीत लागले.

आमच्यातली थोरली महाविद्यालयात मराठी शिकवते. तिला एकनाथांची आठवण होणे साहजिक होते. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीतले अपपाठ दूर करून ती शुद्ध केली. बाहेरून आलेले तेवढे काढायचे आणि मुळाला धक्का लावायचा नाही, ही त्यामागची प्रतिज्ञा. मातीच्या वडीचे कामही असेच. पण कारागीर म्हणाला, "मॅडम, हे सोपं होतं. आता जे काढायचं ते बाहेरचं नाही."

त्याने शटर अर्धे ओढले आणि बॅटरी पेटवून बॉनेटवर धरली. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी, एकात एक गुंफलेली शेकडो वर्तुळे उजळली. आम्ही दोघेही गप्प झालो. बाबांचा हात असाच गोल फिरत असे. वीसएक वर्षांच्या सकाळी त्या निळ्या रंगावर लिहिलेल्या होत्या, आणि त्या पुसून टाकण्यासाठी आम्ही पैसे मोजणार होतो. थोरलीने तिथल्या तिथे काम थांबवायला सांगितले.

धाकट्याला मात्र ती वर्तुळे पाहून वेगळेच आठवले. ती वीस मिनिटे, त्याच्या मते, बाबा आमच्यापासून दूर राहण्यासाठी काढत. घरात फारसे न बोलणारा माणूस गाडीशी मात्र रोज बोलतो, हे शल्य त्याला लहानपणापासून होते. त्याच वर्तुळांत एकीला माया दिसली, एकाला पाठ फिरवलेला बाप.

कारागिराने आमचा वाद ऐकला आणि काही न बोलता बॅटरी सरकवली. वर्तुळेही सरकली. तो जिथे प्रकाश नेई तिथे त्यांचे केंद्र जाई. ओरखडे गोल नव्हतेच. ते आडवे, उभे, तिरपे, वाटेल त्या दिशेने गेलेले होते. त्यांपैकी प्रकाशाच्या ठिपक्याशी आडवे पडणारे तेवढेच चमकतात, आणि म्हणून पाहणाऱ्याला वर्तुळ भासते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. जॉर्ज इलियटने 'मिडलमार्च'च्या सत्ताविसाव्या प्रकरणाच्या आरंभी नेमका हाच दाखला दिला आहे : मोलकरणीने पुसून पुसून ओरखडलेला गुळगुळीत पृष्ठभाग, त्यापुढे धरलेली मेणबत्ती, आणि तिच्याभोवती आपोआप मांडल्यासारखी दिसणारी वर्तुळे. ओरखडे म्हणजे घटना, मेणबत्ती म्हणजे माणसाचा अहं, असा तिचा अर्थ. थोरलीने हा उतारा वर्गात समजावून सांगितला आहे. बॉनेटपुढे उभी असताना तिला तो आठवला नाही. बॅटरी हलल्यावर आठवला.

मग जाडी मोजण्याचे काम निघाले. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतात. त्यांतला सर्वांत वरचा, पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहून कमी. ओरखडे या थरात असतात. ते 'भरून' निघत नाहीत. भोवतालचा थर त्यांच्या तळाइतका घासून खाली आणावा लागतो. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारे द्रव्यही याच थरात असते, त्यामुळे घासायचे ते दोन-चार मायक्रॉन, आणि तेही मोजून. बॉनेटवर आकडा आला ९८. उजव्या दारावर १०६. डाव्या मागच्या दारावर २७०.

"हे दार परत रंगवलंय," कारागीर म्हणाला. "काम चांगलं आहे. नजरेला कळत नाही."

धाकटा खाली बसला. २००५ साली, पुण्याला वसतिगृहात जाण्याच्या आदल्या रात्री, त्याने न विचारता गाडी बाहेर काढली होती आणि घोडबंदरच्या रस्त्यावर एका कठड्याला घासली होती. ते दार भिंतीकडे करून त्याने गाडी लावली आणि पहाटेची गाडी पकडली. दिवाळीला परतला तेव्हा दारावर काही नव्हते. ओरखडा वरवरचा असेल, बाबांच्या पुसण्यात निघून गेला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. रोज वीस मिनिटे गाडी पुसणाऱ्या माणसाला ते दार त्याच सकाळी दिसले असणार, हे त्याला तेव्हा सुचले नाही, असे तो म्हणतो. खरे तर सुचू दिले नाही. त्यांनी ते रंगवून घेतले आणि सोळा वर्षांत त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. हे क्षमा करणे होते की बोलणे टाळणे, याचा निवाडा आम्ही अजून केलेला नाही. यंत्र जाडी सांगते; कारण सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी काम पुढे गेले. आधी हातभर जागेवर प्रयोग : सर्वांत सौम्य पॉलिश, मऊ फोम, मंद गती. नंतर ती जागा स्पिरिटने पुसून, तेलकटपणामुळे झाकले गेलेले ओरखडे उरले आहेत का, याची खात्री. रस्त्यावरचे पॉलिशवाले हेच झाकण करून देतात आणि दोन पावसांत जाळे पुन्हा वर येते. बारीक ओरखडे गेले. नख अडकेल इतके खोल होते, ते राहू दिले. त्यांच्या मागे लागलो असतो तर थरच संपला असता. टपावरचा पारदर्शक थर उन्हाने पापुद्र्यासारखा सुटला होता, त्याला पॉलिशचा इलाजच नव्हता. डाव्या दारावर यंत्र फिरवायला धाकट्याने नकार दिला. ते त्याने स्वतः, हाताने, मेण लावून पुसले.

संध्याकाळी बॅटरी धरली तेव्हा बॉनेटवर प्रकाशाचा एकच ठिपका होता. त्याभोवती काही नव्हते. छान वाटले, आणि थोडे रितेही.

गाडी सोसायटीत आणली. पुनर्विकासाच्या काळात आम्ही भाईंदर पश्चिमेला भाड्याच्या घरात राहणार आहोत. तिथे इमारतीखाली आडोशाची जागा आहे. धाकट्याने भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही. नोंदणीचे जुने कागद त्यानेच कपाटातून शोधून आणले. योग्यता तपासणीत गाडी उतरेल की नाही, सांगता येत नाही.

कारागिराने बजावून सांगितले होते : कोरडे फडके लावायचे नाही, कधीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाली उतरली. रात्रभरात बॉनेटवर नेहमीची धूळ बसली होती. डिकीत बाबांचे पिवळे फडके घडी करून ठेवलेले होते, ते तिने काढले आणि पुसायला लागली. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नाही.